‘खर्रा’ असं कोणी शोधत नाही

सुजाता,

तुझ्या नावापुढे आता एक कट्यार आहे. जर्नलवाल्यांची तशी रीत आहे म्हणे. लेखकांपैकी कोणी छपाईच्या आधी गेलं, तर नावाला कट्यारीसारखं एक बारीक चिन्ह जोडायचं आणि पानाच्या तळाशी ‘दिवंगत’ असं लिहायचं. त्यांनी मला मेल करून विचारलं, पहिल्या लेखिकेच्या नावाला चिन्ह द्यायचं ना? मी ‘हो’ एवढंच लिहून पाठवलं. भद्रावतीच्या स्मशानात उभी राहूनही मला जे खरं वाटलं नव्हतं, ते त्या एका अक्षरानं खरं झालं. तू गेलीस हे मी लेखी असं पहिल्यांदा कळवलं ते परदेशातल्या एका अनोळखी संपादकाला.

लोक भेटतात, हळहळतात आणि हळूच विचारतात, कॅन्सर होता का? जणू कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या बाईनं दुसऱ्या कशानं मरूच नये. मी सांगते, नाही हो, मेंदूतली शीर फुटली. त्यांची जरा निराशाच होते. गोष्ट नीट जुळत नाही ना. मलाही जुळवता येत नाही. आपल्या दोघींच्या विषयातला रोगसुद्धा तुला झाला नाही. झाला असता तर मी तोंड उघडून पाहिलं असतं, काही केलं असतं, निदान चिडायला एक जागा मिळाली असती. आता मी कोणावर चिडू? तुझ्यावरच चिडते. सवय आहे तशी.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी कॉलनीतल्या तुझ्या घरापुढे मांडव घातला होता. भंतेजी बोलत होते आणि मागच्या खुर्च्यांवर तुझा मामेभाऊ प्लास्टिकच्या पन्नीवर खर्रा घोटत होता. सुपारी, तंबाखू, चुना, सगळं कसं मन लावून. डोळ्यांतून धार लागलेली आणि हात थांबत नाहीत. मी मागे जाऊन उभी राहिले. म्हटलं, भाऊ, आज तरी नको. आज सुजाताचा दिवस आहे.

तो म्हणाला, “बाई, मन लागून नाई राह्यलं, म्हणून तं.”

आणि आपल्याकडची रीत, समोर आलेल्याला विचारल्याशिवाय तोंडात टाकायचा नाही, म्हणून त्यानं ती पन्नी माझ्यापुढे धरली. तुझ्या फोटोसमोर. मला हसू आलं सुजाता, आणि त्यानंतर जे रडू आलं ते थांबेना. बायांनी मला धरून आत नेलं. त्यांना वाटलं मैत्रिणीच्या दुःखानं रडते आहे. दुःखानंच रडत होते, पण त्यात किती काय काय होतं ते मी त्यांना कुठे सांगू? तुझं अख्खं आयुष्य ज्या पुडीच्या मागे गेलं, ती पुडी तुझ्या सांत्वनाला आली होती.

याच घरात तर हे सगळं सुरू झालं. तुझ्या पहिल्या सर्वेक्षणाची प्रश्नावली नागपुरात तयार झाली होती. पहिला प्रश्न होता, ‘आपण तंबाखूचे सेवन करता का?’ सराव म्हणून तू तो मावशीवर, म्हणजे तुझ्या आईवर, चालवून पाहिलास. मी चहा पीत बसले होते. मावशीनं गालातला ऐवज जिभेनं बाजूला सारला आणि ठामपणे सांगितलं, “नाई.”

“आई, मंग तोंडात काय हाय?”

“खर्रा हाय.”

“त्यात तंबाखू नसते का?”

“असंन. पण मी कुठी तंबाखू खातो? तंबाखू तुहा आजा खात होता, हातावर मळून. मी तं खर्रा खातो.”

आणि हे ती लबाडीनं बोलत नव्हती. तिच्या लेखी या दोन वेगळ्या वस्तू होत्या. तंबाखू म्हणजे तळहातावरची. खर्रा म्हणजे खर्रा. तुझी प्रश्नावली मात्र म्हणत होती, उत्तर ‘नाही’ असल्यास पुढील व्यक्तीकडे जावे. तोंड तपासायचा भाग ‘हो’ म्हणणाऱ्यांसाठीच होता. आपण दोघी पोट धरून हसलो. मग हसता हसताच तू म्हणालीस, “आई, आ कर बरं जरा.”

डाव्या गालात आत पांढरा चट्टा होता. आपलं हसू तिथेच थांबलं. मी त्याचा तुकडा तपासायला पाठवला, पुढचं सगळं वेळेवर झालं, आणि मावशी पुण्यानुमोदनाला मांडवात पुढच्या सतरंजीवर बसलेली होती. ती आहे आणि तू नाहीस. मी तिच्याकडे पाहू शकत नव्हते. तिलाही ते कळत असावं, कारण तिनंच मला जवळ बोलावून माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मावशीचा चट्टा सापडला त्या दिवसापासून तू ‘खाता का’ हा प्रश्नच टाकून दिलास. खाता का, किती खाता, कधीपासून खाता, हे ठाणेदाराचे प्रश्न आहेत म्हणायचीस. आपल्याकडे माणूस डॉक्टरणीसमोर यायचा तर आधी चूळ भरून येतो. तोंड स्वच्छ करून आलेल्या माणसाला ‘खाता का’ विचारलं, तर तो ‘नाई’च म्हणणार, तो त्याचा शिष्टाचार आहे. म्हणून तू विचारायचीस, “भाऊ, खर्रा कोन्या गालात ठेवता?” बस. माणूस विचार न करता गालाला बोट लावायचा. बोट जिथे लागेल तिथे मी दिवा धरायची. पुष्कळदा चट्टा तिथेच सापडायचा.

कोरचीकडच्या गावांत तू हाच प्रश्न गोंडीत पाठ करून विचारायचीस. तुझा उच्चार इतका भयंकर होता की बाया एकमेकींच्या अंगावर पडून हसायच्या आणि मग गालाला बोट लावायच्या. मला बरंच व्हायचं. हसणारं तोंड निम्मं उघडलेलंच मिळायचं. नाही तर कित्येकांचे जबडे इतके आखडलेले असायचे की दोन बोटंसुद्धा आत जायची नाहीत. तू नागपूरहून आकडेमोड शिकून आलेली संशोधक. मी कुरखेड्याची दातांची डॉक्टर, तोवर फक्त दात उपटणारी बाई. तोंडात दातांशिवायही पाहण्यासारखं काही असतं, हे मला कॉलेजात शिकवलं होतं, पण पाहायला लावलंस तू. पहिल्या निबंधावर तू माझं नाव दुसरं टाकलंस. मी म्हटलं, मी तर एक ओळ लिहिली नाही. तू म्हणालीस, “तू तोंड पाह्यलं नसतं, तं मी काय लिवलं असतं?” यावर मी तुझे आभार मानायला हवे होते. मी म्हणाले, माझ्या आडनावाचं स्पेलिंग चुकलंय.

त्या पहिल्या निबंधात तुझं म्हणणं साधंच होतं. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत आजवर ‘तंबाखू न खाणारे’ म्हणून जे मोजले गेले, त्यांतले पुष्कळ जण खर्रा खाणारे होते. चूक लोकांची नव्हती, प्रश्नाची होती. आता ज्यांचे आकडे या चुकीवर उभे होते, तीच या विषयातली मोठी मंडळी. त्यांनी तुला खोडून काढलं नाही. खोडून काढायला तुझ्या निबंधाचा दाखला तरी द्यावा लागला असता. त्यांनी फक्त तुझं नाव घेतलं नाही. परिषदेत चहाच्या टेबलावर पाठ थोपटायचे, छान काम करते आहेस म्हणायचे, आणि स्वतःच्या निबंधाखाली शंभर जणांची नावं देताना तेवढं तुझं विसरायचे.

दाखल्यावरून मावशीशी झालेलं तुझं बोलणं आठवून मला अजूनही हसू येतं. तुझी बढती अडली होती. तू तिला समजावत होतीस, की संशोधकाची किंमत दुसऱ्यांनी दिलेल्या दाखल्यांवर ठरते. समजा माझ्या पाच निबंधांचा प्रत्येकी निदान पाचदा कोणी दाखला दिला, तर माझा एच-इंडेक्स पाच. मावशीसाठी दाखला म्हणजे कचेरीतला कागद. जातीच्या दाखल्यासाठी तुझ्या बाबांनी चपला झिजवलेल्या तिनं पाहिल्या होत्या. तिनं काळजीनं विचारलं, “मंग कोन्या साहेबापाशी भेटते हा दाखला?”

“साहेब नसते आई. जो वाचंल, तो देते.”

“आन नाई वाचलं तं?”

“तं नाई भेटत.”

“आपला आपन देता येते का?”

“येते ना. लोकं देतात.”

“मंग दे ना व. कायले लाजतं?”

तू मात्र कधी दिला नाहीस. आपल्याच निबंधात आपल्याच जुन्या निबंधांची रांग लावायची म्हणजे लग्नात स्वतःच्या गळ्यात स्वतःच हार घालण्यासारखं आहे, म्हणायचीस. तुझे सहकारी असे किती हार घालून बसले होते, आणि तू मोकळ्या गळ्यानं फिरायचीस. तुझा एच-इंडेक्स पाहून नवीन आलेली पोरंसुद्धा तुला नुसतं ‘मॅडम’ म्हणायची आणि त्यांना ‘सर’ म्हणताना वाकायची. तुला वाईट वाटायचं. तू कबूल करायची नाहीस, पण वाटायचं. मला माहीत आहे, कारण फोन उघडून तू आधी तो आकडा पाहायचीस आणि मग बाकीचं काम.

आपलं खरं भांडण याच्यावर होतं, आणि ते संपलं नाही. जगात कोणी ‘खर्रा’ असं शोधत नाही, हे मी तुला शंभरदा सांगितलं. लोक ‘धूरविरहित तंबाखू’ असं इंग्रजीत टाकतात आणि जे येईल ते वाचतात. तुझ्या प्रत्येक शीर्षकात तो एकच शब्द, जो चंद्रपूर-गडचिरोली सोडलं तर लांबच्या कोणाला ठाऊक नाही. तुला कोण शोधणार? भद्रावतीहून चंद्रपूरला जाणाऱ्या एसटीत आपण यावरून इतकं तावातावानं बोललो होतो, की कंडक्टरनं दोघींच्या मधून हात घालून तिकिटं दिली.

मी म्हटलं, “शीर्षक तेवढं बदल. आत काय लिहायचं ते लिही. दुकानाची पाटी बदलली म्हणून माल बदलत नाही.”

तू म्हणालीस, “बदलते वंदे. लोकं पाटीच वाचतात आन पाटीवरचंच घरी घेऊन जातात. आतलं कोन वाचून राह्यलं इथी?”

मी तुला हटवादी म्हटलं. तू मला दुकानदारीण म्हटलंस. चंद्रपूर येईपर्यंत आपण बोललो नाही आणि उतरल्यावर एकाच प्लेटमध्ये आलुबोंडा खाल्ला.

शेवटचा फोनही त्याचाच होता. तुझा सगळ्यात मोठा निबंध एका मोठ्या जर्नलकडे होता. कुरखेड्यात आपण वर्षानुवर्षं तीच माणसं पुन्हा पुन्हा बोलावून तपासली, आणि त्यामुळे चट्टे कॅन्सर व्हायच्या आधीच हाती लागले, हे त्यात होतं. परीक्षकांना काम आवडलं होतं. त्यांच्या दोनच अटी होत्या. स्थानिक शब्द सगळीकडून काढून प्रमाणित संज्ञा वापरावी, आणि ‘कोणत्या गालात’ या प्रश्नाबद्दलचा अख्खा भाग वगळावा, कारण तो केवळ स्थानिक महत्त्वाचा आहे. मी म्हटलं, कर ना सुजाता. या वेळी तरी. नागपूरच्या संस्थेची समिती तोंडावर आली आहे.

तू म्हणालीस, “डोकं नको खाऊ, वंदे. उद्या भांडू.”

मी बहुतेक रागानंच फोन ठेवला. तू उद्या भांडायचं कबूल केलं होतंस. तू दिलेला शब्द मोडणारी नव्हतीस, म्हणून मला अजून पटत नाही. फोन वाजला की आधी वाटतं, तूच. मग वाटतं, कशाला वाटावं.

समिती थांबली नाही. कुरखेड्याचं केंद्र चालू ठेवायचं की गुंडाळायचं, हे तिला ठरवायचं होतं. केंद्र म्हणजे काय, तुला माहीतच आहे. भाड्याची एक खोली, मागे टेकणारी खुर्ची, दिवा, मी, आणि गावोगाव फिरणाऱ्या आशाताई. समितीच्या तक्त्यात तपासलेल्या तोंडांचा रकाना नव्हता. रकाने तीनच होते, निबंध, दाखले आणि एच-इंडेक्स. तिसऱ्या रकान्यापाशी येऊन समितीचे साहेब थबकले आणि घसा खाकरला. म्हणाले, मॅडम, भावना मी समजतो, पण आता मुख्य संशोधकच राहिल्या नाहीत. एखादा मोठा पेपर हातात असता, तर मला बोलता आलं असतं.

मोठा पेपर होता, सुजाता. माझ्या लॅपटॉपमध्ये होता. दोन अटींवर अडून बसला होता.

मी खोलीकडे पाहिलं. खोली बंद झाली तर पुढच्या महिन्यात ज्यांना बोलावलं होतं, ते दाराला कुलूप पाहून परत जाणार होते. त्यांतल्या काहींचे चट्टे मी पाहिलेले होते, नावानिशी, गालानिशी. तू असतीस तर भांडून तिसरा रस्ता काढला असतास. तुझं डोकं तसं चालायचं. माझं नाही चाललं. मी संगणकाला सांगितलं, हा शब्द शोध आणि त्या जागी तो टाक. एक बटण दाबलं आणि तुझा शब्द सगळीकडून गेला. इतकं सोपं होतं ते.

निबंधात एका ठिकाणी मावशीचं वाक्य होतं, ‘मी तंबाखू खात नाही, मी खर्रा खाते.’ संगणकानं आज्ञाधारकपणे त्याचं केलं, ‘मी तंबाखू खात नाही, मी धूरविरहित तंबाखू खाते.’ ते वाचून मी एकटीच मोठ्यानं हसले. तू इथे असायला हवी होतीस, हे तुला दाखवायला. मग मावशीचं वाक्यही काढावं लागलं. आणि गालाचा भाग, तो काही एका बटणानं जाईना. तो मला ओळीओळीनं निवडून काढावा लागला. प्रत्येक ओळ मी वाचली आणि मगच पुसली. एवढं तरी तुझ्यासाठी केलं असं स्वतःला सांगत होते, आणि त्याच वेळी कळत होतं की यात तुझ्यासाठी काहीच नाही.

निबंध स्वीकारला गेला. केंद्राला मुदतवाढ मिळाली. समितीच्या अहवालात तुझ्या नावानं श्रद्धांजलीचा एक परिच्छेद आहे. ज्यांनी कधी तुझा दाखला दिला नाही, त्यांनी तो लिहिला आहे, आणि चांगला लिहिला आहे. छापून होतो न होतो तोच लोक त्या निबंधाचा दाखला देऊ लागले. मुंबईचे, दिल्लीचे, बाहेरच्या देशांतले. पाटी बदलली आणि दुकानात गर्दी झाली. मी म्हणत होते ते खरं निघालं. मी भांडण जिंकलं, सुजाता, आणि ते कोणाला सांगू हे मला कळत नाही.

मावशीला सांगितलं. म्हटलं, तिचे दाखले वाढले आता. ती गहू निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, “आता वाढून राह्यले का व? आता काऊन?” मी तिच्याबरोबर गहू निवडत बसले.

मग संस्थेचे टॅब आले. आता सगळ्या तालुक्यांत एकच प्रश्नावली, कागद बंद. प्रशिक्षणाच्या दिवशी मी टॅब उघडला. पहिला प्रश्न, ‘आपण धूरविरहित तंबाखूचे सेवन करता का?’ ‘नाही’ दाबलं की तोंड तपासायचं पानच उघडत नाही. पडदा आपोआप पुढच्या माणसाकडे जातो. आणि पानाच्या तळाशी बारीक अक्षरात, आधार म्हणून, तुझा निबंध. पहिलं नाव तुझं, कट्यारीसकट.

मी गप्प बसले नाही, एवढं ऐकून घे. नागपूरला गेले, टेबलावर हात आपटले, आवाज चढवला. तिथला एक तरुण अधिकारी खरोखर गोंधळून माझ्याकडे पाहत होता. म्हणाला, “मॅडम, पण तुमच्याच पेपरवरून केलंय हे. त्यात हीच संज्ञा आहे. गालाचं कुठे काही नाही त्यात.” तो बरोबर बोलत होता. मग मी जर्नलला लिहिलं, की काढलेला भाग आणि शब्द परत घालायचे आहेत, शुद्धिपत्र छापा. त्यांचं उत्तर सभ्य होतं. शुद्धिपत्र चुकीसाठी असतं, आणि ही चूक नाही, हा लेखकांनी स्वतः मान्य केलेला बदल आहे.

लेखक म्हणजे तू आणि मी. म्हणजे जगाच्या दप्तरी हा शब्द तू स्वतः काढलास. उद्या कोणी तुझे निबंध ओळीनं वाचत आला, तर तो म्हणेल, या बाई आधी शब्दासाठी हटून बसल्या होत्या, शेवटी त्यांना शहाणपण सुचलं. मी कोणाकोणाला अडवून सांगू, की तिनं नाही हो, मी. ती तर उद्या भांडणार होती.

टॅब घेऊन कामाचा पहिला दिवस झाला. खोलीत रेखाताई होती, आपल्या आशाताईंपैकी एक. एक माणूस शेतातून थेट आला होता, दुपट्टा खांद्यावर, पाय धुतलेले, चूळ भरलेली. खुर्चीत टेकला. रेखाताईनं पडद्यावरचा प्रश्न जसाच्या तसा वाचला.

“हे धूर... काय म्हणता बाई?”

“तंबाखू, भाऊ. बिना धुराचा.”

“नाई बा. बिडी नाई, तंबाखू नाई. काईच नाई.”

रेखाताईनं ‘नाही’ दाबलं. पडद्यावर आलं, ‘धन्यवाद. पुढील व्यक्ती.’ माणूस उठला. चेहऱ्यावर सुटल्याचं समाधान. दारापाशी जाऊन त्यानं नम्रपणे विचारलं, “झालं ना बाई? जाऊ मी?”

मी म्हटलं, “भाऊ, खर्रा कोन्या गालात ठेवता?”

त्यानं उजव्या गालाला बोट लावलं. मी त्याला परत बसवलं, दिवा ओढला. आत काय दिसलं ते तुला सांगायला नको. रेखाताई टॅब माझ्यापुढे धरून उभी होती. “बाई, हे कुठी लिवू? पान तं उघडून नाई राह्यलं.” मी तिला म्हटलं, थांब जरा. अजून ती थांबलेलीच आहे.

या खोलीत मी आहे, म्हणून तो माणूस परत बसला. पण तसेच टॅब कोरचीला गेलेत, धानोऱ्याला गेलेत, पार एटापल्लीकडे गेलेत. तिथे मी नाही आणि तू तर कुठेच नाहीस. तिथे माणूस चूळ भरून येतो, विचारलेल्या प्रश्नाला सरळ ‘नाई’ म्हणतो, आणि पानाच्या तळाशी छापलेलं तुझं नाव त्याला तोंड न पाहता घरी पाठवून देतं.